मनगटावरची चिंधी

आजोबा १९९७च्या पावसाळ्यात गेले आणि त्या पिढीच्या रीतीप्रमाणे बायकांनी आजीचा चुडा उतरवला. पुढच्या वर्षी मी तिला गावाहून वाळूजला, बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन आलो. पहिल्याच आठवड्यात बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, ‘आजी संध्याकाळी काय करतात ते बघा जरा.’ मी बघितलं. दिवेलागणीला आजीनं पिशवीतून जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या काढल्या. एक डाव्या मनगटाला गुंडाळली, टोक दातात धरून गाठ मारली. दुसरी तशीच उजव्या मनगटाला. सकाळी न्हाणीत जाताना तिनं त्या सोडल्या, घडी केली आणि उशाखाली ठेवून दिल्या.

लहानपणी गावी मी तिला रोज रात्री बांगड्यांवरून चिंधी गुंडाळताना पाहिलं होतं. झोपेत काच फुटू नये, कुशीतल्या नातवंडांना लागू नये म्हणून ती तसं करते, असं आम्ही धरून चाललो होतो. गावातल्या बायका ‘तिची खोड आहे’ म्हणून सोडून द्यायच्या. आता हातात बांगडीच नव्हती, आणि ती मोकळं मनगट बांधत होती.

मी विचारलं, ‘आजी, हे कामून?’

‘वाजू नये म्हनून, बाबा.’

एवढंच बोलून ती दिव्याला हात जोडायला उठली.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, गंगथडीला. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. आज कायगाव टोक्याच्या पुलावरून गाडी दोन मिनिटांत नगर जिल्ह्यात उतरते, पण १९४८ साली ती नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे गंगापूर तालुका, निझामाचं राज्य. पलीकडे नेवासा तालुका, म्हणजे स्वतंत्र झालेला हिंदुस्थान. जायकवाडीचं धरण अजून व्हायचं होतं, त्यामुळे उन्हाळ्यात पात्र म्हणजे नुसती रेती आणि मध्ये कमरेएवढी धार. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आलं होतं आणि हैदराबाद संस्थान अजून बाहेरच होतं. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाताखालच्या रझाकारांनी मराठवाड्यात, तेलंगणात, कर्नाटकाच्या भागात गावंच्या गावं हैराण केली होती. लूट, जाळपोळ, खून, बायकांवर हात टाकणं. हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून पलीकडे गेली. आमच्याकडे अजूनही जुनी माणसं वय सांगताना साल सांगत नाहीत, ‘रझाकारीत मी रांगत होतो’ असं सांगतात.

आजी तेव्हा सोळा वर्षांची होती. लग्नाला तीन वर्षं झालेली. जेठाच्या एका रात्री घरातल्या बायका-पोरांना पलीकडे नेवाशाच्या बाजूला नातेवाइकांकडे पोचवायचं ठरलं. पायातली जोडवी, पैंजण काढून गाठोड्यात बांधली. लेकरांना अफूचं बोट चाटवलं. गुरांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. चुड्याचं काय, हा प्रश्न उरला. सासू म्हणाली, फोडून टाका. रेतीत चालताना बारा बायकांच्या बांगड्या किणकिणल्या तर कोसभर ऐकू जाईल.

ही गोष्ट आजीनं आम्हाला किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. अंधारातली रेती, पाण्याचा गारवा, काखेतलं पोर, मागच्या काठावर दिसलेला एक कंदील आणि त्यानं उडालेली गाळण. मग तीन महिने पलीकडच्या गावात दुसऱ्याच्या ओसरीवर काढलेले दिवस. मग सप्टेंबरची तेरा तारीख, भारतीय फौज संस्थानात शिरली. सतरा तारखेला निझाम शरण आला. ‘मिल्ट्री आली, रझाकार पळाले, आमी घरी आलो.’ इथं आजीची गोष्ट दर वेळी संपायची. अगदी याच तीन वाक्यांवर, याच क्रमानं. पुढे ती उठून काहीतरी काम काढायची.

गोष्ट तिथंच का थांबायची हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली, आणि एक परकी कादंबरी वाचावी लागली.

माझी मुलगी विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. दोन वर्षांपूर्वी तिनं अमिनाटा फोर्ना या लेखिकेची ‘द मेमरी ऑफ लव्ह’ घरी आणली. ती मी हळूहळू, थर्ड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत, शब्दकोश जवळ ठेवून वाचून काढली. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन नावाचा देश आहे. तिथं १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी चालली. बंडखोरांनी माणसांचे हात मनगटापासून तोडले, पोरांच्या हातात बंदुका दिल्या, बायकांना ओढून नेलं. लेखिकेचे वडील त्याच देशातले, डॉक्टर आणि एके काळचे अर्थमंत्री. यादवीच्या कितीतरी आधी, १९७५ साली, राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना फाशी दिलं गेलं. ती तेव्हा शाळकरी मुलगी होती. वडिलांवर तिनं २००२ साली आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि ही कादंबरी २०१० साली आली.

युद्धावरची कादंबरी म्हणून मी ती हातात घेतली आणि आत युद्ध जवळपास नाहीच. युद्ध संपलंय. बाजार भरतोय, रस्त्यावर गाडे लागलेत, दवाखान्यात रांग आहे. विलायतेहून मानसोपचार करणारा एक जण आलाय, तिथला एक सर्जन आहे, आणि मरणाला टेकलेला एक म्हातारा प्राध्यापक आहे. तिघांच्याही वाट्याला प्रेम आलेलं आहे आणि तिघांच्याही प्रेमात काहीतरी मोडलेलं आहे. बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन तिथल्या जवळपास सगळ्या लोकसंख्येला मानसिक आजार आहे असं ठरवलेलं असतं. तिथलाच एक डॉक्टर त्या विलायती माणसाला सुचवतो, की तुम्ही ज्याला आजार म्हणता त्याला इथं जगणं म्हणतात. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ मशीनच्या आवाजात बसून राहिलो. आमच्याकडे ‘धसका’ म्हणतात. ‘तिनं धसका घेतलाय’ असं सांगितलं की मराठवाड्यात कुणी पुढे विचारत नाही. धसका घेतलेली बाई भाकरी करते, लेकरं वाढवते, लग्नात गाणी म्हणते. तिचं सगळं नीट चाललेलं असतं.

इथं मला माझ्या कामाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८५ साली बजाजचा कारखाना आला आणि वाळूजच्या माळावर त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो कारखाने उभे राहिले. त्यातल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं तपासणी खात्यात आहे. भाग मापाला बरोबर आहे का ते मायक्रोमीटर सांगतो, गेज सांगतो. पण पोलादाच्या अंगात चीर असेल तर ती मापात सापडत नाही. त्यासाठी क्रॅक टेस्ट असते. भागात चुंबकत्व भरायचं, त्यावर लोखंडाची बारीक चमकणारी पूड मिसळलेलं तेल सोडायचं, आणि काळे पडदे ओढलेल्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचं. चीर असेल तिथं पूड ओढली जाते आणि केसाएवढी हिरवट-पिवळी रेघ उजळते. उजेडात तोच भाग बघा, आरशासारखा असतो. त्या खोलीत शिरल्या शिरल्या काम सुरू करायचं नसतं. आधी काही मिनिटं नुसतं अंधारात उभं राहायचं, डोळे बसू द्यायचे. नवीन पोरं घाई करतात आणि चिरेवरून नजर घसरते.

आजी सगळ्या मापांत बसलेली बाई होती. सहा लेकरं, त्यातली चार जगलेली. भल्या पहाटे जातं. वारकऱ्यांना जेवण. अंधारात कधी धरून बघायचं आम्हाला सुचलं नाही.

कादंबरीतला तो म्हातारा प्राध्यापक आपली गोष्ट त्या विलायती माणसाला तुकड्यातुकड्यांनी सांगत असतो. तरुणपणी त्याचा एका सहकाऱ्याच्या बायकोवर जीव जडला. त्या सहकाऱ्याला पोलिसांनी उचललं आणि तो कोठडीतच मेला. पुढे त्या विधवेशी याचं लग्न झालं. गोष्ट ऐकताना पटत जाते, गळा दाटून येतो. आणि मग इकडून तिकडून, दुसऱ्यांच्या तोंडून, आपल्याला कळत जातं की यानं गाळलेलं काय आहे. तो खोटं फार थोडं बोललाय. त्यानं फक्त योग्य ठिकाणी थांबायचं साधलंय. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आजी उभी राहिली: ‘मिल्ट्री आली, रझाकार पळाले, आमी घरी आलो.’ आजी त्या प्राध्यापकासारखी मुळीच नव्हती, तिनं कुणाचं वाईट केलं नव्हतं. पण तिलाही थांबायची जागा पाठ होती.

आयुष्यात एकदाच ती पुढे गेली. २००४ साल, तिच्या शेवटच्या आजारपणातली एक रात्र. वाळूजच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. मी पायाशी बसलो होतो. चिंधी बांधायची ताकद तिच्या हातात उरली नव्हती, म्हणून मी बांधून दिली. गाठ मारताना तिनं माझा हात धरला.

‘खालानं अशीच बांधली होती,’ ती म्हणाली.

आमच्या गावात मनियाराचं एकच घर होतं. नवरा पंचक्रोशीतल्या बाजारांत बांगड्या विकायचा आणि बायको गावातल्या बायकांना बांगड्या भरायची. सगळं गाव तिला खाला म्हणायचं. आजी तेरा वर्षांची नवरी होऊन गावात आली तेव्हा तिचा हात पहिल्यांदा हातात घेतला तो या खालानं. बांगडी भरणारी बाई पंजा असा दाबते की हाडं मेणासारखी मऊ होतात, आणि बोलत राहते म्हणजे दुखणं कळत नाही. माहेर आठ कोस दूर. खाला माहेराच्या नावानं विचारायची, हाताला खोबरेल लावायची, आणि पोरगी रडली की एक बांगडी जास्त भरायची, तिचे पैसे न घेता. आजीची आई लवकर गेलेली. ‘खाला होती म्हनून मी त्या घरात टिकले,’ आजी म्हणाली. हे वाक्य मी माझ्या आजीच्या तोंडून तिच्या बाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं.

आज रात्री रझाकार गावावर येणार आहेत, ही खबर त्या जेठात आमच्या घरी खालानंच आणली होती. सासू चुडा फोडा म्हणाली तेव्हा खाला परसदारी उभी होती. ती आत आली, आपली ओढणी दातांनी फाडली आणि आजीच्या दोन्ही मनगटांवर पट्ट्या बांधल्या. ‘तोड नको बेटी, बांद ले.’ आमच्या भागातल्या दखनी बोलीत ‘नको’ आपल्यासारखंच आहे. माझ्या आजीचं सौभाग्य त्या रात्री ज्या ओढणीनं राखलं ती मनियारणीची होती.

दसऱ्याच्या आसपास आमचं घर परत आलं. मनियाराचं घर उघडं होतं, आत काही नव्हतं. गावात कुणी काही सांगेना. आजीनं विचारलं तर सासूनं तोंडावर हात ठेवला. त्या वर्षी संक्रांतीला गावात बांगड्या भरायला कुणी आलं नाही. एवढं सांगून आजी बराच वेळ गप्प राहिली. मी म्हटलं, कुठे गेले ते लोक? ती म्हणाली, ‘मळ्यातल्या हिरीचं पानी आमी बारा वर्स पेलो नाई. आता इचारू नको.’

मी विचारलं नाही. पण तिला अजून एक सांगायचं होतं.

‘गोठ्याचं दार त्यांचं हाये. तुझ्या आज्यानं आनलं. मोडून पडलेलं होतं म्हनला. मोडलेलं नव्हतं.’

त्या दाराला लोंबकळून मी झोके घेतले आहेत. त्याच्या खालच्या फळीवर माझं आणि भावाचं नाव खिळ्यानं कोरलेलं आहे.

मी तिला विचारलं, आजोबांचा राग नाही आला? माझ्या आजोबांचे हात मला आठवत होते, शेंगा सोलून माझ्या ओंजळीत टाकणारे. आजी म्हणाली, ‘राग कशाचा करू. माझाच मानूस.’ आणि थोड्या वेळानं, ‘रोज सांजंला दार लावायचं मलाच असायचं.’

त्या कादंबरीत ॲग्नेस नावाची एक बाई आहे. तिला मधूनच भान जातं आणि ती घरातून निघून चालत सुटते, कोसन् कोस, कुठे चालली ते तिला ठाऊक नसतं. नंतर उलगडतं की तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याचा जीव ज्यानं घेतला, तोच आता तिचा जावई होऊन घरात आहे. मुलीला यातलं काही माहीत नाही. सांगितलं तर मुलीचा संसार मोडतो, म्हणून ही आई त्याच्या ताटात वाढते आणि वेड अंगावर आलं की चालत सुटते. माझ्या आजीचं दुःख एवढं भीषण नव्हतं. पण ॲग्नेस वाचल्यावर मला ते दार कळलं. पन्नास वर्षं रोज संध्याकाळी ती बाई ते दार लावत होती आणि नंतर घरात येऊन मनगटाला चिंधी बांधत होती. वाजू नये म्हणून तिनं सांगितलं ते खरंच असेल. मला मात्र आता वाटतं, की त्या वेळेला कुणीतरी तिचं मनगट धरलेलं तिला हवं असायचं.

आजोबांवर तिचं प्रेम होतं. ते नाटक नव्हतं, मी पाहिलेलं आहे. प्रेम मोकळ्या, झाडलेल्या अंगणात येतं असं आपण समजतो. १९४८ नंतरच्या कितीतरी घरांत ते त्या दारासकट राहिलं.

‘सिव्हिल वॉर’ला मराठीत यादवी म्हणतात. प्रभासला यादवांनी एकमेकांना मारलं, त्यावरून. महाभारतातला तो सगळा भाग लहान आहे पण त्या कथेतली एक गोष्ट मला नेहमी थांबवते. शापाचं लोखंडी मुसळ कुटून पूड करून समुद्रात टाकतात आणि तीच पूड गवत होऊन किनाऱ्याला उगवते, त्याच गवतानं ते एकमेकांना मारतात. माणसं पूड केलेलं लोखंड संपलं असं समजतात. आणि त्याच्याही पुढचा प्रसंग तर कीर्तनातसुद्धा घाईनं उरकतात: सगळं संपल्यावर अर्जुन उरलेल्या बायकांना घेऊन निघतो, वाटेत त्या बायका लुटल्या जातात, आणि अर्जुनाला गांडीव पेलत नाही. आमच्या वाळूजहून जवळच देवगिरीचा किल्ला. तिथले राजेही स्वतःला यादवांच्या कुळातलेच म्हणवत. शब्द असा आमच्या दाराशी आहे, तरी १९४८च्या वर्षासाठी आम्ही तो कधी वापरला नाही. सरकारनं फौज आणि रणगाडे पाठवून जे केलं त्याला ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव दिलं, आणि गावोगावी शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं जे केलं तेही त्याच नावात गुंडाळलं गेलं.

हैदराबादचा लढा मला पवित्र आहे. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव या माणसांनी आयुष्य पणाला लावलं, हुतात्म्यांनी प्राण दिले, म्हणून मी आज मतदान करतो आणि मराठीत लिहितो. रझाकारांचा जुलूम हा काही कुणी रचलेला नाही, माझी आजी त्यातून रेती तुडवत गेली आहे. त्यांनी मुसलमानांनाही सोडलं नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्ट १९४८मध्ये एका रात्री हैदराबादेत खून झाला, संस्थान भारतात यावं असं लिहिलं म्हणून. त्याचा हात तोडला होता.

आणि मग १७ सप्टेंबरनंतरचे आठवडे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्यासह एक शिष्टमंडळ दिल्ली सरकारनं १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात पाठवलं. त्यांनी गावोगाव फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर, कमीत कमी धरून, २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत वाईट हाल उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांत झाले. त्यानंतरच्या चार जिल्ह्यांत आमचा औरंगाबाद होता. अहवालात विहिरी आहेत. त्यातच हेही आहे की कितीतरी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजारी वाचवले, आणि एका ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंपासूनच राखलं. सरकारनं अहवाल प्रसिद्ध केला नाही. दिल्लीत तो लोकांना पाहता येतो ही बातमी २०१३ साली आली. कासीम रझवी तोवर तुरुंग भोगून, पाकिस्तानात जाऊन, वारलाही होता. निझाम तर १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख होता. वरच्यांचं सगळं मार्गी लागलं.

सिएरा लिओनमध्ये लढाई संपल्यावर सत्य आणि समेटासाठी आयोग बसला. लोकांनी उघड्यावर येऊन सांगितलं, २००४ साली अहवाल आला, आणि त्या अहवालाची एक आवृत्ती लहान मुलांसाठी सोप्या भाषेत काढली गेली. मुलांसाठी! हे मुलीनं मला दाखवलं तेव्हा मला आमच्या शाळेतला १७ सप्टेंबर आठवला. झेंडा, लेझीम, गुरुजींचं भाषण, गोळ्या-बिस्किटं. ते सगळं हवंच आहे. पण गुरुजींचं भाषणही आजीच्याच तीन वाक्यांवर थांबायचं. परभणीच्या बी. रघुनाथांच्या एका कादंबरीचं नाव आहे ‘म्हणे लढाई संपली’. ती पोलीस ॲक्शनच्या आधीची आहे, तिचा विषयही दुसरा आहे, पण ते ‘म्हणे’ मला या बाबतीत फार खरं वाटतं.

आमच्या क्रॅक टेस्टच्या खोलीत वीस वर्षांपासून एक जण आहेत. सगळे त्यांना भाई म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातले. वाळूजचं हे असं आहे: नांदेड, लातूर, बीड, परभणी, सगळा मराठवाडा इथं रांजणगावच्या, जोगेश्वरीच्या, कमळापूरच्या भाड्याच्या खोल्यांत आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी-शेजारी बसलेला आहे. १९४८ ज्यांच्या घरांतून गेलं त्यांचीच ही नातवंडं. भाईंच्या आणि माझ्या घरचं येणं-जाणं आहे. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांच्या आईनं कुंची शिवून पाठवली होती. वीस वर्षांत या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

गेल्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर आम्ही दोघं गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. मी त्यांना खालाची गोष्ट सांगितली. विहिरीपर्यंत सांगितली आणि थांबलो. मग दाराचंही सांगितलं. तोंड कोरडं पडलं होतं.

भाईंनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, ‘आमच्या दादीकडे दादांचा सदरा होता. धुवायची नाही. ईदला काढायची, घडी बदलायची, परत ठेवायची. आम्ही विचारलं की सांगायची, पोलीस ॲक्शनमध्ये गेले. आम्हाला लहानपणी वाटायचं पोलिसात नोकरीला गेले.’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘गावातल्या एका वाण्याच्या घरी दादी आणि आब्बा महिनाभर धान्याच्या कोठारात होते. म्हणून आम्ही आहोत. दादी मरेपर्यंत दिवाळीला त्यांच्याकडे शिरखुर्मा द्यायची. दिवाळीला, भाऊ.’ टपरीवरची बाकीची पोरं मोबाइलवर मॅच बघत होती.

दिवाळीनंतर भावाचा फोन आला. गोठा पाडून पत्र्याचं शेड करायचंय, जुन्या लाकडाचे चांगले पैसे येतात, सागवान घेणारा येऊन बघून गेलाय. मी म्हटलं, थांब, मी येतोय. रविवारी निघालो तेव्हा भाई म्हणाले, मी पण येतो.

गोठ्यात अंधार होता. भाई आत जाऊन उभे राहिले आणि लगेच दाराला हात लावला नाही. खोलीतली सवय. मग त्यांनी तळहात फळीवरून फिरवला, खालून वर, चीर शोधताना फिरवतात तसा. आमची कोरलेली नावं लागली तिथं हात थांबला, पुढे गेला. वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एका ओळीत सात खिळे होते, डोकी झिजून गुळगुळीत झालेली. आमच्या घरात त्या खिळ्यांना कधी काही टांगलेलं मला आठवत नाही. भाई म्हणाले, ‘बांगड्यांच्या माळा.’

त्यांनी दार ओढून लावलं. कडी बसली, पण वरच्या बाजूला फट राहिली आणि तिथून उजेडाची पट्टी आत आली. लहानपणी पावसाळ्यात त्या फटीत आजी गोणपाट कोंबायची. मी खिशातून टेप काढला आणि आधी चौकट मोजली, मग दार. दार दीड इंच आखूड होतं.

‘कधी बसतं नाही केलं कुणी?’ भाईंनी विचारलं.

भाऊ दारात उभा होता. म्हणाला, ‘आजी करू देत नव्हती. सुतार दोनदा आला होता.’